सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी: ग्रीन कार्डवाल्या मुलांनी या चुका टाळा

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या 18 ते 25 वर्षांच्या प्रत्येक तरुणाला सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम या सरकारी खात्याकडे नाव नोंदवावे लागते. काम पाच मिनिटांचे, फी शून्य. पण 26 वा वाढदिवस आला की ते कुणालाच करता येत नाही. उशिराचा दंड भरून नाही, वकील लावूनही नाही. आणि राहून गेले हे कळते ते बहुधा नागरिकत्वाचा एन-400 अर्ज भरायला बसल्यावर, म्हणजे खिडकी बंद झाल्यानंतर.

म्हणून घरात अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असेल तर हे आजच पाहून घ्या. मुलींना ही नोंदणी लागू नाही.

'पोराला सैन्यात ओढतील' म्हणून फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवणे

ही भीती आपल्याकडच्या आईवडिलांत भरपूर दिसते. अमेरिकेत सक्तीची भरती 1973 मध्येच संपली. 1975 मध्ये नोंदणीही थांबवली होती. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर अध्यक्ष कार्टर यांनी 1980 मध्ये ती पुन्हा सुरू केली, ती 1 जानेवारी 1960 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या पुरुषांसाठी. तेव्हापासून या यादीतून एकालाही सक्तीने उचललेले नाही. उद्या सक्ती आणायचीच ठरली तर अमेरिकेच्या संसदेला आधी तसा कायदा करावा लागेल, मग सोडत निघेल, आणि पहिला नंबर त्या वर्षी 20 पूर्ण करणाऱ्यांचा लागेल.

न नोंदवल्याची शिक्षा कायद्यात मोठी आहे: पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. खटले 1980 च्या दशकानंतर भरलेले नाहीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण फटका दुसरीकडून बसतो. नागरिकत्व अडते, केंद्र सरकारची नोकरी हुकते, काही राज्यांत तिथली शैक्षणिक मदत किंवा सरकारी नोकरीही. नागरिकत्वाच्या शपथेत गरज पडल्यास देशासाठी शस्त्र हाती घेण्याचे वचन असते. जो साधे नाव नोंदवायला तयार नाही त्याच्या या वचनावर अधिकारी विश्वास कसा ठेवेल, असा यामागचा सरळ विचार आहे.

स्टेटस ओळखण्यात गफलत

स्टेटस म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

एच-1बी (नोकरी), एच-4 (एच-1बी वाल्याची बायको-मुले), एफ-1 (विद्यार्थी), जे-1, एल-2, बी-2 अशा तात्पुरत्या स्टेटसवर असलेल्या मुलाला नोंदणी लागू नाही. अट एवढीच की ते स्टेटस वैध हवे. ग्रीन कार्डवाला, निर्वासित, आश्रय मागणारा, पॅरोलवर (व्हिसाऐवजी खास परवानगीने) आत आलेला, आणि ज्याच्याकडे कागदपत्रेच नाहीत असा, या सगळ्यांना नोंदणी आहे. कागदपत्रे नसलेल्यालाही आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

आता अडणाऱ्या जागा पाहू.

पहिली: एच-4 वर लहानपणी आलेला मुलगा. अठरा पूर्ण झाले, शाळेतल्या अमेरिकन मित्रांनी नोंदणी केली, याला गरज नव्हती, ते बरोबरच. एकविसाव्या वर्षी तो एफ-1 वर गेला, तेव्हाही नव्हती. मग चोविसाव्या वर्षी ग्रीन कार्ड आले आणि घरात पेढे वाटले गेले, पण 'आपल्याला ते लागत नाही' हे सहा वर्षांपूर्वीचे उत्तर डोक्यात तसेच राहिले. ग्रीन कार्ड मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत नाव नोंदवायचे. कार्ड पोस्टाने हातात पडण्याची वाट पाहू नका, मंजुरीची तारीख धरा.

दुसरी: ग्रीन कार्डाचा आय-485 अर्ज प्रलंबित असताना एच-4 संपणे. भारतीयांच्या रांगा इतक्या लांब आहेत की हा प्रकार घरोघरी आहे. मुलगा 21 पूर्ण करतो, एच-4 संपते, पण वय गोठवणाऱ्या कायद्यामुळे त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज जिवंत राहतो आणि तो वर्क परमिटवर राहतो. त्याचे राहणे अधिकृत आहे, पण तो आता तात्पुरत्या व्हिसाच्या स्टेटसवर नाही, म्हणून सूटही उरत नाही. अॅडव्हान्स पॅरोलवर (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परतण्याची परवानगी) भारतात जाऊन परतलेल्याची तऱ्हा तीच, तो पॅरोलवर आत आलेला धरला जातो. अशा मुलाने ग्रीन कार्डाची वाट न पाहता नोंदणी उरकून टाकावी. त्यात नुकसान काहीच नाही.

तिसरी: व्हिसा आणि स्टेटस यांची सरमिसळ. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपला म्हणजे स्टेटस संपले असे नाही. स्टेटस ठरते आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवरून, एफ-1 असेल तर कॉलेजने दिलेला वैध आय-20 आणि चालू शिक्षणावरून. उलट शिक्का पाच वर्षांचा आहे पण कॉलेज सोडून सहा महिने झाले, तर स्टेटस गेलेले असते आणि सूटही गेलेली असते. तेवीस-चोविसाव्या वर्षी नोकरी जाऊन काही महिने स्टेटसबाहेर राहिलेले एच-1बी वालेही यात सापडतात. तुमच्या इतिहासात असा खड्डा असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तारखांसह दाखवा.

चौथी: भावा-बहिणीच्या अर्जावरून थेट भारतातून इमिग्रंट व्हिसावर, म्हणजे कायमचे राहायला, येणारी कुटुंबे. पुण्या-नाशिकचा एकोणीस वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर उतरतो, तीन आठवडे राहतो, री-एन्ट्री परमिटचा (जास्त काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज टाकतो आणि इंजिनिअरिंग पुरे करायला परत जातो. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) अजून आलेला नसतो, म्हणून 'पुढच्या वेळी बघू' होते. पुढची वेळ दोन वर्षांनी येते, मग आणखी दोन वर्षे जातात. मोजणी उतरल्यापासून 30 दिवसांची आहे. नंबर नसेल तर कागदी फॉर्म भरून पाठवता येतो. तो पोस्ट ऑफिसात मिळतो किंवा खात्याच्या साइटवरून उतरवता येतो. पत्ता अमेरिकेतल्या घरचा द्या, आणि नंबर मिळाला की तो खात्याला कळवा. हे शेवटचे राहिले तर पुढे ऑनलाइन शोधताना नोंद सापडत नाही.

30 दिवस उलटून गेले असतील तरी 26 पूर्ण होईपर्यंत उशिराची नोंदणी स्वीकारतात. लगेच करा, एवढेच.

'आपोआप झाली असेल' असे धरून चालणे

अनेकांची होते, हे खरे. आय-485 किंवा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज करणाऱ्या 18 ते 25 वयाच्या मुलांची माहिती सरकार सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे पाठवते. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातूनही नोंदणी होते. पण अर्ज केला तेव्हा मुलगा 16-17 चा असेल तर ही वाट त्याला लागूच होत नाही. लायसन्स सतराव्या वर्षी काढले आणि नूतनीकरण पंचविशीनंतर आले, तर तीही हुकते. काही राज्यांत ते कलम ऐच्छिक आहे आणि घाईत कुणी त्यावर खूण करत नाही.

कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा फॉर्म हा पूर्वी आणखी एक रस्ता होता. तो प्रश्न 2023-24 च्या फॉर्मपासून काढून टाकला आहे. मोठ्या भावाची नोंद फॅफ्सातून झाली म्हणून धाकट्याचीही होईल, असे आता नाही.

डिसेंबर 2025 मध्ये झालेल्या संरक्षण कायद्यात सरकारी नोंदींवरून आपोआप नोंदणी करण्याची तरतूद आली आहे आणि तिच्या अंमलबजावणीसाठी वर्षभराची मुदत आहे. ज्याचे 26 पूर्ण झाले त्याला तिचा उपयोग नाही, आणि ज्याचे व्हायचे आहे त्याने तिच्या भरवशावर का बसावे?

खात्री करायला दोन मिनिटे लागतात. एसएसएस डॉट गव्ह या साइटवर 'व्हेरिफाय' मध्ये आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाका. नोंद असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिस नंबर आणि नोंदणीची तारीख दिसते. पोचपत्र तिथेच उतरवून घ्या, पीडीएफ जपा आणि एक छापील प्रत ग्रीन कार्डाच्या फायलीत लावा. एन-400 मध्ये हा नंबर आणि तारीख, दोन्ही विचारतात. या कामाचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) खिडकीवर एक सावधगिरी. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या कलमाच्या आसपासच मतदार नोंदणीची चौकट असते. सहीच्या ओघात मुलगा तिथेही खूण करतो. नागरिक नसताना स्वतःला नागरिक म्हणवून मतदार यादीत नाव घालणे हे सिलेक्टिव्ह सर्व्हिस विसरण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. त्यातून देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कर्मचाऱ्याने स्वतः पुढे केली तरी ती चौकट कोरी ठेवायची.

फॉर्म भरताना

तारीख. आपला हात आधी दिवस लिहितो, अमेरिकेत महिना आधी. जन्म 4 ऑगस्टचा असेल आणि कागदी फॉर्मवर 04/08 लिहिले, तर नोंद होते 8 एप्रिलची. दिवस 12 पेक्षा मोठा असेल तर फॉर्म अडखळतो आणि चूक पकडली जाते. 12 किंवा त्याहून लहान असेल तर बिनबोभाट पुढे सरकते. मग तीन वर्षांनी शोधायला गेलात की 'नोंद नाही'.

नाव. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात मुलाचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते. तेच ग्रीन कार्डावर पूर्ण उतरते, सोशल सिक्युरिटी कार्डावर कधी मधले नाव गळते, शाळेत तर पहिलेच उरते. नोंदणी करताना सोशल सिक्युरिटी कार्ड आणि ग्रीन कार्ड समोर ठेवा आणि आडनाव अक्षरशः त्यांवर आहे तसे लिहा. दोन शब्दांचे आडनाव एके ठिकाणी जोडून आणि दुसरीकडे तोडून, असे होऊ देऊ नका. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा होता म्हणून ज्यांच्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिले नाव अज्ञात) आले आहे, त्यांनी आधी सोशल सिक्युरिटी आणि ग्रीन कार्ड जुळवून घ्यावे, पण 26 जवळ आले असेल तर नोंदणी आधी आणि नावाची दुरुस्ती मागाहून.

पत्ता. वसतिगृहाचा देऊ नका, घरचा द्या. पोचकार्ड टपालाने येते. 90 दिवसांत आले नाही तर फोन करून विचारा. पत्ता बदलला की 10 दिवसांत कळवायचा असतो, आणि हे बंधन 26 पूर्ण होणार त्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंत असते. हा नियम कुणी पाळत नाही असे म्हणतात. तरी पाळा, कारण खात्याची पत्रे जुन्या पत्त्यावर गेली की 'आम्ही कळवले होते' असे त्यांच्या दप्तरी राहते.

मुलगा 17 वर्षे 3 महिन्यांचा झाला की ऑनलाइन अर्ज आधीच टाकता येतो, अठरा झाल्यावर त्याची नोंद होते.

एन-400 मधला प्रश्न चुकीचा वाचणे

प्रश्न असा: 18 व्या आणि 26 व्या वाढदिवसांच्या दरम्यान तुम्ही अमेरिकेत राहिला होता का? त्याच्यापुढेच सूचना असते की तो सगळा काळ वैध तात्पुरत्या स्टेटसवर असाल तर 'हो' निवडू नका. लोक पहिले वाक्य वाचतात आणि खूण करतात. बाविसाव्या वर्षी एमएस करायला एफ-1 वर आला, मग एच-1बी, चौतिसाव्या वर्षी ग्रीन कार्ड, ही आपल्याकडची नेहमीची कथा. त्याचे उत्तर 'नाही' आहे. 'हो' म्हणून नंबराचा रकाना रिकामा सोडला की मुलाखतीत विनाकारण फाटे फुटतात.

अशाने मुलाखतीला जाताना त्या काळाचे पुरावे सलग न्यावेत: सगळे आय-20, आय-797 मंजुरीपत्रे, आय-94 चा प्रवास-इतिहास, जुने पासपोर्ट, कॉलेजची गुणपत्रके. 26 नंतरच पहिल्यांदा अमेरिकेत आलेल्याला तर तेव्हाचा प्रवेशाचा शिक्का पुरतो.

26 उलटले आणि नोंदणी नाही, तर

इथे वय पाहायचे. अर्जदार 31 च्या पुढचा असेल, तर जाणूनबुजून टाळली असली तरी नुसत्या त्या कारणाने नागरिकत्व अडत नाही, कारण नागरिकत्वासाठी तपासतात तो चांगल्या वर्तणुकीचा पाच वर्षांचा काळ 26 पासून मोजला तर 31 ला संपतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन तीन वर्षांच्या नियमाने अर्ज करणाऱ्यांसाठी हेच वय 29 आहे. मात्र प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे. नोंदणी न करणे जुने झाले असते, खोटे उत्तर आजचे असते.

26 ते 31 मधल्याला सिद्ध करावे लागते की त्याने जाणूनबुजून टाळले नव्हते. पारडे तुमच्या बाजूला थोडे झुकले तरी चालते, पण झुकवायचे काम तुमचे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात.

एक, सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर. विनंतीचा फॉर्म भरून प्रवेशाच्या तारखा आणि स्टेटसच्या कागदांच्या प्रती जोडायच्या. उत्तरात एकतर 'यांना नोंदणी लागू नव्हती' असे येते, तर काम झाले. किंवा 'लागू होती, केली नाही, आता वयामुळे करता येत नाही' असे येते. खात्याने तुम्हाला स्मरणपत्रे पाठवली होती का, हेही त्यात असू शकते. एन-400 टाकण्याआधी हे पत्र हातात असू द्या, मुलाखतीच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळत नाही.

दोन, शपथेवरचे निवेदन. 'मला माहीत नव्हते' हे एका ओळीचे निवेदन कामाचे नाही. अमेरिकेत कधी आलो, कोणत्या वयात कोणते स्टेटस होते, शाळा कुठे झाली, नोंदणीबद्दल कुणी सांगितले होते का, ड्रायव्हिंग लायसन्स कधी काढले, त्या वर्षांत पत्ते कोणते होते आणि चूक लक्षात कशी व केव्हा आली, हे तारखांसह लिहा. लेटरमध्ये स्मरणपत्रांचा उल्लेख असेल तर ती कोणत्या पत्त्यावर गेली आणि तुम्ही तेव्हा कुठे राहत होता, हे भाडेकरार किंवा कॉलेजच्या कागदांनी दाखवा. आईवडिलांचे निवेदन जोडा, पण ते तुमच्या निवेदनाची नक्कल नसावी. अधिकारी अशी जुळी निवेदने रोज बघतात. सगळी शाळा अमेरिकेत झालेल्या मुलाचे 'ठाऊक नव्हते' पटवणे कठीण जाते. पंचविसाव्या वर्षी भारतातून आलेल्याचे त्यामानाने सोपे.

पुरावा कच्चा असेल आणि वय 30 असेल, तर वर्षभर थांबणे हाही सरळ मार्ग आहे. एन-400 ची फी ऑनलाइन 710 डॉलर आणि कागदी अर्जाला 760 डॉलर आहे, अर्ज नामंजूर झाला तर ती परत मिळत नाही.

26 च्या आतला अर्जदार नोंदणीशिवाय मुलाखतीला पोचला तर अधिकारी सहसा नोंदणी करून पुरावा द्यायला सांगतो. त्याच दिवशी करा आणि पोचपत्र पाठवा. नकार दिला तर अर्ज जातो.

उरलेले गैरसमज, थोडक्यात

एकुलता एक मुलगा म्हणून सूट नाही. अपंगत्व असले तरी नोंदणी आहे. घराबाहेर किंवा संस्थेबाहेर पडताच येत नाही अशी सततची स्थिती असेल तरच नाही. अहिंसेच्या निष्ठेने शस्त्र न धरणाऱ्यानेही नाव नोंदवायचे असते, तो हक्क भरतीची वेळ आली तर मागायचा.

'मी परदेशी नागरिक आहे, मला लष्करी सेवेतून वगळा' असा अर्ज करून कुणी सवलत घेतली, तर नागरिकत्वाचे दार कायमचे बंद होऊ शकते. वर सांगितलेली एच-4 किंवा एफ-1 ची सूट म्हणजे हे नव्हे, ती कायद्यानेच मिळते आणि तिचा अर्ज नसतो. कुणी असा कागद पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आईवडिलांपैकी एकजण नागरिक झाला आणि तेव्हा मुलगा ग्रीन कार्डवर, 18 च्या आत व त्यांच्याजवळ राहत असेल, तर तोही आपोआप नागरिक होतो. त्याला एन-400 भरावाच लागत नाही, म्हणून सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा विषय घरात निघतच नाही. अठरा झाल्यावर त्यालाही नोंदणी आहे, आता नागरिक म्हणून.

आणि अमेरिकेत जन्मून आईवडिलांबरोबर पुण्यात किंवा ठाण्यात परत आलेली मुले. ओसीआय कार्डावर इथे वाढली तरी ती अमेरिकन नागरिक आहेत आणि नोंदणी त्यांनाही लागू आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये परदेशातला पत्ता देता येतो. पोचकार्ड टपालात गहाळ झाले तरी साइटवरून पोचपत्र उतरवता येते, आणि तेच जपून ठेवायचे.